इचलकरंजी ते मँचेस्टर, मार्गे स्वोर्ड्स

आमच्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. कुणी पहिल्यांदा म्हटलं देव जाणे, पण एकदा म्हटलं ते चिकटलं. गॅदरिंगचे पाहुणे म्हणायचे, निवडणुकीला उभे राहिलेले म्हणायचे, परगावच्या माणसाला रिक्षावालासुद्धा ऐकवायचा. चौथीत 'माझे गाव' या निबंधात मीही तेच वाक्य ठोकून दिलं होतं आणि बाईंनी त्याखाली लाल शाईने 'छान' लिहिलं होतं. मँचेस्टर नेमकं कुठे आहे, हे ना मला ठाऊक होतं ना बाईंना.

त्यामुळे २०१२ च्या उन्हाळ्यात माझे वडील, म्हणजे अण्णा, आमच्याकडे आयर्लंडला राहायला आले आणि तिसऱ्याच दिवशी चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "मँचेस्टर हितनं किती लांब?" तेव्हा मी दचकायला नको होतं. पण दचकलो.

स्वोर्ड्स

आम्ही स्वोर्ड्सला राहतो. डब्लिनचा विमानतळ इतका जवळ की कपडे वाळत घालताना विमानाचा नंबर वाचता येतो. मी आणि माझी बायको मृणाल, दोघंही सॉफ्टवेअरवाले. ती पुण्याची, त्यामुळे घरात शेवटचा शब्द कुणाचा हे सांगायला नको. लेक इरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते अस्सल आयरिश इंग्रजीत. आजोबा विचारायचे, "जेवलीस काय गं?" आणि ही म्हणायची, "आय'म ग्रँड, अण्णा." अण्णांना ग्रँड एवढा एक शब्द फार आवडला. चहा ग्रँड, ऊन ग्रँड, शेजारचा नोएल ग्रँड.

आता अण्णांबद्दल सांगतो. उभी हयात यंत्रमागावर गेली. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात, मग स्वतःच्या. कारखाना म्हणजे पत्र्याचं छत आणि खाली आठ माग, बाकी काही नाही. माग जुने, बिडाचे, धोट्याचे. धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे धावणारं लाकडी होडकं. त्या खडखडाटात अण्णांचे कान गेले ते गेलेच. आई गेल्यापासून घरात एकटे, आणि सत्तरी उलटली तरी रोज कारखान्यात जाऊन सुताची धूळ खात बसायचे. खोकला तर असा की फोनवर मला तो आधी ऐकू यायचा आणि अण्णा मागून.

गावात आता बिनधोट्याचे नवे माग आले होते. अण्णांच्या मागांना काम देणारं कुणी उरलं नव्हतं. अण्णा इकडे आल्यावर कारखाना बघत होते बशीरचाचा. ते अण्णांचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आणि तरुणपणापासूनचे दोस्त. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "अण्णा, काय ठरलं? भंगारवाला पुन्हा येऊन गेला." अण्णा म्हणायचे, "बगू." मी पाच वर्षं कानीकपाळी ओरडत होतो की अण्णा, बास झालं, बंद करा. मलाही तेच, "बगू." त्या दिवशी चहाच्या बशीवर मात्र पहिल्यांदा वेगळं उत्तर मिळालं.

"मँचेस्टर बगतो आणि सांगतो."

झालं! कारण जे अण्णांना ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. मँचेस्टरमधल्या गिरण्या कधीच बंद पडल्या आहेत. तिथे आता आहे फुटबॉल, गाणी, विद्यार्थी आणि शनिवारची धमाल. माझ्या ऑफिसातली पोरं वीकेंडला तिथे जायची ती माग बघायला नाही. अण्णांच्या डोक्यात मात्र मैलभर धुरांडी आणि लाखभर मागांचा आवाज असणार, अशी माझी खात्री. हा माणूस तिथे जाऊन उभा राहणार, आणि समोर काय? कॉफीची दुकानं! हे सांगायची हिंमत मला होईना. शिवाय खरं सांगतो, मनातल्या मनात एक पापही होतं. बघू देत एकदा डोळ्यांनी, मग तरी आपले माग बंद करतील. असा विचार करायचो आणि स्वतःचीच लाज वाटायची.

मग मी केलं ते, जे आयटीतला माणूस संकटात करतो. एक्सेल शीट उघडली. बोटीचे तास, रेल्वे, हॉटेल, शाकाहारी, मांसाहारी, पावसाचा अंदाज, पाऊस आला तर काय आणि पाऊस नाही आला तर काय. एक रकाना मी लपवून ठेवला होता. त्यात 'चालू माग कुठे?' अशी शोधाशोध होती. पंधरवडा धुंडाळल्यावर सापडलं: एका संग्रहालयात ठरलेल्या वेळी, थोडा वेळ का होईना, जुना माग चालवून दाखवतात. मी खुर्चीतच देवाला हात जोडले.

शेजारच्या नोएलने या बेतात फार मदत केली, आणि त्यातली निम्मी चुकीची होती. नोएल विमानतळावरून निवृत्त झालेला. तरुणपणी तो मँचेस्टरला रस्ते खणायला गेला होता. "अर्धं मेयो तिकडंच होतं," तो सांगायचा. मेयो म्हणजे त्याचा जिल्हा. दुपारी तो आमच्या ओट्यापाशी येऊन बसायचा, अण्णा त्याच्यापुढे भडंग ठेवायचे आणि दोघं नकाशावर बोट फिरवत बसायचे. हा इंग्रजीत, ते कोल्हापुरीत. तिखटाने नोएलच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण गडी मूठ सोडायचा नाही. तोच म्हणाला, "पासपोर्ट? कशाला हवा पासपोर्ट? बोटीत बसायचं आणि उतरायचं. कोणी विचारत नाही."

त्याला कोणी विचारत नाही, हे खरं. तो आयरिश. आमचे पासपोर्टही एव्हाना आयरिश झालेले. पण अण्णा पडले भारताचे! इंग्लंडचा व्हिसा काढायला हवा, एवढं मला कळत होतं. फॉर्म भरले, बोटांचे ठसे दिले, अण्णांनी फोटोत हसायचं नाही म्हणून श्वास रोखून धरला आणि लाल झाले. व्हिसा आला. मी पेढे नाहीत म्हणून चॉकलेट वाटलं. आणि त्याच संध्याकाळी मृणालने अण्णांचा पासपोर्ट सहज चाळला.

"अरे, यांचा आयर्लंडचा व्हिसा एकदाच आत यायचा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे इंग्लंडला गेले की इकडे परत येता येणार नाही. तू बोटीचं रिटर्न काढून बसलायस. तू दुसऱ्यांना अटी वाचायला लावतोस, स्वतः कधी वाचतोस का रे?"

अण्णांना ऐकू गेलं नव्हतं, पण तोंडं बघून त्यांनी ओळखलं. मी मोठ्याने समजावून सांगितलं. ते पासपोर्ट मिटवत म्हणाले, "मग सोपं हाय की. शेवटाला जाऊ. तिकडनं मी तसाच घरी जातो."

सोपं कसलं? म्हणजे निरोप मँचेस्टरला. अण्णांचं परतीचं विमान बदलून घेतलं, डब्लिनऐवजी मँचेस्टरहून. मृणालला रजा नव्हती, तिने स्वोर्ड्सच्या दारातच अण्णांना वाकून नमस्कार केला आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. इरा हट्टाने आमच्याबरोबर आली. नोएल फाटकाशी येऊन उभा होता. त्याने अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "सेफ होम." अण्णा म्हणाले, "ग्रँड." मग दोघंही दुसरीकडे बघायला लागले.

समुद्रावर

डब्लिनहून सकाळची बोट. बोट म्हणजे रत्नागिरीची होडी नव्हे, आत सिनेमा, हॉटेल, गालिचे, पोरांना घसरगुंडी. अण्णा आत बसायला तयारच होईनात. डेकवर वाऱ्यात मफलर बांधून उभे राहिले. मधेच मला जवळ बोलावलं आणि खाली डेकवर पंजा टेकवून म्हणाले, "बग, इंजिन एका बाजूला जड चालतंय." मी हात लावून बघितलं. मला नुसती थरथर लागली.

न्याहारीला त्यांना कसंबसं आत आणलं. मृणालने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. शेजारच्या टेबलावर पाच-सहा आयरिश बायका, डोक्यावर गुलाबी पिसं, अंगावर 'नवरीची टोळी' अशा अर्थाचे पट्टे. सकाळचे नऊ वाजलेले आणि यांच्या बाटल्या उघडलेल्या. मैत्रिणीच्या लग्नाआधीची मौज करायला मँचेस्टरला चाललेल्या. त्यांतल्या एकीने दशमीकडे बघून विचारलं, काय ते? अण्णांनी लगेच चटणी लावून गुंडाळी करून हातात दिली. मग काय, सगळ्या टेबलाला वाटप. नवरी मुलीने चटणीचा दुसरा घास घेतला आणि अण्णांच्या गळ्यात गुलाबी पिसांची माळ घातली. मी डोक्याला हात लावला. अण्णा ती माळ काढायलाच तयार नव्हते. "लग्नघरचा मान हाय," म्हणाले.

होलीहेडला उतरलो आणि रेल्वेत बसलो. गाडी वेल्सच्या किनाऱ्याने जाते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, त्यावर मेंढरं, आणि मधेच रुळाला खेटून किल्ला. आपल्याकडे किल्ला बघायचा तर दम निघेपर्यंत चढायचं. इथे तो खिडकीशी येऊन उभा राहतो, याचा मला जरा रागच आला. इरा खिडकीला नाक लावून मेंढरं मोजत होती. अण्णांचं लक्ष वाटेतल्या गावांकडे होतं. "ह्या गावात काय पिकतं? काय बनतं? माणसं कामाला कुटं जात्यात?" मला कुठलं माहीत! मी म्हणायचो, "असेल काहीतरी." त्यांना ते उत्तर मुळीच पटलं नाही.

मँचेस्टर, पहिला दिवस

शनिवारची दुपार होती आणि शहर नुसतं उसळलेलं. स्टेशनाबाहेर पिवळ्या ट्राम, लाल आणि निळ्या जर्सीतली फुटबॉलवेडी पोरं, कोपऱ्यावर गिटार, त्याच्या पुढच्या कोपऱ्यावर ढोल. वरून भुरभुर पाऊस, आणि छत्री एकाकडेही नाही. आयर्लंडमध्ये पावसाबद्दल निदान दोन वाक्यं बोलतात. इथे पाऊस पडतोय हे कुणाच्या गावीही नव्हतं. ट्राममध्ये तिकीट बघणारी बाई अण्णांना म्हणाली, "थँक यू, लव्ह." मी अर्थ सांगितल्यावर अण्णा चपापले आणि पुढच्या स्टॉपपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. इरा हसून हसून सीटवरून घसरली.

हॉटेलात सामान टाकलं आणि मी मनाचा हिय्या केला. आता सांगून टाकायचं. कालव्याच्या कडेने चालत आम्ही जुन्या गिरण्यांच्या भागात गेलो. लाल विटांच्या सहा-सहा, सात-सात मजली इमारती, ओळीने शंभर खिडक्या. अण्णा मान वर करून बघत राहिले. खिडक्यांत पडदे होते. एका गॅलरीत सायकल, दुसरीत जास्वंदीएवढ्या लाल फुलांच्या कुंड्या, तिसरीत एक पोरगी ओले केस झटकत फोनवर बोलत होती. खाली कॉफीचं दुकान. अगदी माझ्या भीतीबरहुकूम.

"अण्णा," मी घसा खाकरला. "तुम्हाला एक सांगायचं होतं. इथल्या गिरण्या आता—"

"बंद हायत. म्हाईत हाय की."

"कधीपासून?"

"कधीपासनं म्हंजे? मी पयला माग घेतला तवापासनं." अण्णा माझ्याकडे, बावळटाकडे बघतात तसे बघत होते. "माजा पयला माग मुंबईच्या गिरणीतनं आला, तिथं तो हिकडनं आल्ता. बिडात विंग्रजी अक्षरं होती. आरं लेका, चालू गिरणी कोण माग विकतंय व्हय?"

पंधरवडाभर लपवलेला रकाना, रात्रीची घालमेल, सगळं त्या कालव्यात गेलं. एवढी इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आणि साधं गणित बापाने मला शिकवायचं होतं. इरा म्हणाली, "ही न्यू ऑल अलाँग, बाबा." तिला काय, मजा वाटत होती.

"मग काय बघायला आलाय तुम्ही?"

गॅलरीतल्या पोरीने केस बांधले, आत गेली, दार ओढून घेतलं. "माग गेल्यावर गावाचं काय हुतं, ते," अण्णा म्हणाले. "आपल्या गावाला समदे सांगत्यात, तू मँचेस्टर हाईस. मग ह्याचं जे झालं ते आपलं हुणार न्हवं का? म्हणून बगाय आलो. गाव मेलंय का जगतंय."

त्यानंतर अण्णांनी जे सुरू केलं ते मी जन्मात विसरणार नाही. संध्याकाळभर त्यांनी शहराची झडती घेतली. ह्या पोराला विचार काय काम करतो. त्या बाईला विचार. मी लाजत होतो, पण इरा धीट. ती बेधडक जाऊन विचारायची, आणि लोकही आनंदाने सांगायचे. एक विद्यार्थी होता, एक दवाखान्यात नर्स, एक जण टीव्हीचं काहीतरी करणारा, एक पोलंडहून आलेला पाववाला. कमरेला बॅज लावलेला एक जण म्हणाला की मी इथे विणकाम करतो. अण्णांचे डोळे चमकले. मग कळलं की तो हौसेने लोकरीच्या टोप्या विणतो. अण्णांनी त्याची टोपी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "टाका सैल हाय. पण करू दे."

रात्रीच्या जेवणाला बटाट्याचे काप आणि त्यावर चक्क रस्सा, घट्ट तपकिरी. आयर्लंडमध्ये काप व्हिनेगर मारून खातात, इथे रस्सा ओतून. अण्णांनी चव घेऊन निकाल दिला, "मीठ हाय, बाकी कायबी न्हाई." मग पिशवीतून खर्ड्याची डबी काढली आणि सगळा रस्सा संपवला.

दुसरा दिवस

संग्रहालयात आम्ही वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन उभे. माग दोरीच्या पलीकडे होता. अण्णा त्याच्याभोवती नजरेनेच फेऱ्या मारत होते. तेवढ्यात निळा एप्रन घातलेली एक म्हातारी आली. ठेंगणी, पांढरे केस, ऐंशीच्या घरातली. छातीवर नाव, डोरीन. पंधराव्या वर्षी गिरणीत लागले, असं तिने जमलेल्या लोकांना सांगितलं, सगळ्यांना कानांवर हात ठेवायला लावले आणि माग सुरू केला.

आवाज पोटात घुसला. खटाक-खट, खटाक-खट. इराने डोळेसुद्धा मिटून घेतले. एक-दोन पोरं बाहेर पळाली. अण्णांनी मात्र कानांवर हात ठेवले नव्हते. ते तसेच उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी तीन महिन्यांत न पाहिलेलं काहीतरी आलं होतं. खरं तर आई गेल्यापासूनच न पाहिलेलं.

डोरीनने ते बघितलं. ती मागावरून त्यांच्याकडे वळली आणि ओठ मोठे मोठे हलवून काहीतरी म्हणाली. आवाज शून्य. अण्णांनी हात वर केला आणि आठ बोटं दाखवली. तिने सहा दाखवली. मग तिने कानाला बोट लावून हात झटकला, आणि अण्णांनीही तसाच झटकला, आणि दोघं हसले.

आमच्याकडे कारखान्यात असंच बोलतात हे मला माहीत होतं. त्या आवाजात कोण कुणाला हाक मारणार? ओठ आणि हात, बास. कांडी संपली, धागा तुटला, चहा आला, मालक आला, सगळ्याला खुणा. पण मला त्यातली एकही येत नव्हती. अण्णांनी मला कारखान्याच्या दाराच्या आत कधी पाऊल टाकू दिलं नाही. डबा घेऊन गेलो तर उंबऱ्यावरूनच परत. "तू शीक. आत यायचं न्हाई." त्यामुळे माझ्या बापाची ही सगळी बोली मला परकी होती, आणि इंग्लंडमधल्या एका म्हातारीला ती घरची होती. मला तिचा हेवा वाटला, अगदी सरळ सांगतो.

मधेच अण्णांनी पिशवीत हात घातला आणि भडंगाच्या पुडीखालून धोटा काढला. धोटा! दोन्ही टोकांना लोखंडी टोचे असलेला, इचलकरंजीहून आणलेला! मला पत्ताही नव्हता. डोरीनने तो घेतला, छिद्राला ओठ लावल्यासारखे करून आत श्वास ओढला. कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढायची रीत. अण्णांनी लगेच आपले पुढचे झिजलेले दात बोटाने दाखवले. तिने कवळीच काढून दाखवली. आजूबाजूचे लोक बघतच राहिले.

मग अण्णा गंभीर झाले. त्यांनी मागाकडे बोट केलं, हात आडवा सपाट फिरवला, आणि मग तिच्याकडे बोट. मग तिने हातांनी बरंच काही सांगितलं. कात्री, झाडू, फडका. एप्रन काढून खुंटीला लावणं. खाणं. मग झोप, आणि पाच बोटं. अण्णांनी विचारलं, अजून? तिने खांदे उडवले आणि त्याच पाच बोटांनी स्वतःच्या छातीवर थोपटलं.

वेळ संपली. तिने माग थांबवला. खोली एकदम शांत झाली, आणि गंमत अशी की त्या शांततेत दोघांना एकमेकांशी एक शब्द बोलता येईना. ती इंग्रजीत काहीतरी म्हणाली, अण्णांनी मान हलवली. धोटा त्यांनी तिलाच दिला. तिने एप्रनच्या खिशातून पेपरमिंटची एक गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "काय विचारलंत तिला?"

"गिरणी बंद पडली त्या दिशी काय केलंस, म्हणून."

"मग?"

"मागावर असलेला बीम, ताण्याच्या सुताचा रूळ, शेवटपत्तोर विणला म्हणाली. मधे तोडला न्हाई. कापड कापून दिलं, मागाखालनं झाडलं, माग तेल लावून पुसला. एप्रन खुंटीला लावला. मग समद्या जणी खायला गेल्या." अण्णांनी गोळी तोंडात टाकली. "दुसऱ्या दिशी पाचला जाग आली. अजून येती म्हणाली."

समोरून ट्राम गेली, तिच्यात गाणारी पोरं. इरा कबुतरांना भडंग घालत होती. अण्णा म्हणाले, "गाव जगलंय बग. माणसं हायत, पोरं हायत, हसत्यात. माग गेले तरी गाव न्हाई गेलं." आणि मग, तेवढ्याच आवाजात, "बशीरला फोन लाव."

मी लावला. अण्णा फोनवर नेहमी ओरडतात, तसेच ओरडले. "बशीर, नवीन बीम चढवू नगंस. हायत तेवढे उतरू देत. भंगारवाल्याला सांग, मी आल्याबगर कशाला हात लावायचा न्हाई. माग पुसल्याबगर दारातनं भाईर जायाचा न्हाई." पलीकडे बशीरचाचा काय म्हणाले ते मला कळलं नाही. अण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि मफलरने डोळे पुसले. पाच वर्षं मी हेच मागत होतो. मिळालं तेव्हा मला रडू आलं, आणि ते लपवायचा मी काही प्रयत्न केला नाही.

विमानतळ

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. जाताना फारसं बोलणं झालं नाही. मी औषधांच्या गोळ्या पुन्हा पुन्हा समजावत होतो, अण्णा ऐकू येत असल्यासारखी मान हलवत होते. इराने मिठी मारली आणि पहिल्यांदाच, कुणी न सांगता, मराठीत म्हणाली, "अण्णा, लवकर या." अण्णांनी तिच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. मला म्हणाले, "जातो." येतो म्हणायचं असतं, हे त्यांना मी सांगायचं का?

ते तपासणीतून पलीकडे गेले. मधे काच होती, आणि माणसांची ही गर्दी. अण्णांनी पट्टा कमरेला बांधला, टोपी नीट केली, आणि वळून आम्हाला शोधलं. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले. आठ बोटं. मग हात आडवा, सपाट. मग फडक्याने पुसल्यासारखं, लांबच्या लांब, दोनदा. मग दोन बोटं, एक स्वतःकडे, एक लांब कुठेतरी, बशीरचाचांकडे. मग तिसरं बोट. ते त्यांनी माझ्यावर रोखलं, आणि तळहात आत वळवला. आत ये.

"व्हॉट'स ही सेइंग, बाबा?" इराने विचारलं.

आठ माग पुसायला दोन माणसं पुरत नाहीत, तिसरा पाहिजे, असं म्हणतायत. मला सगळं कळलं होतं, शब्दन् शब्द. उत्तर कसं द्यायचं ते मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं. मी शर्टाची बाही तळहातावर ओढली आणि समोरची काच वरपासून खालपर्यंत पुसली. मग पुन्हा पुसली.

अण्णांनी मान डोलावली, पिशवी उचलली आणि पुढे गेले.